सोसायटीच्या नळाला गढूळ पाणी येतंय, जबाबदारी महापालिकेची की सोसायटीची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या बिल्डिंगमध्ये पावसाळा लागल्यापासून गढूळ पाणी येतंय, मधूनच वास मारतो, दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या झाल्यात, चेअरमन म्हणतात वरूनच तसं येतंय, पाणीपुरवठ्याचा माणूस म्हणतो तुमची टाकी बघा, आणि आरओवाला येऊन टीडीएस मोजून पाणी एकदम ओके आहे सांगून गेला. मी जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक होतो, पेठ-सुरगाण्याकडे नोकरी झाली, आता रिटायर होऊन सिडकोत राहतो, त्यामुळे जरा जास्त लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिले तर ते टीडीएस डोक्यातून काढून टाका. ते पेनासारखं मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, बस. गटाराचं थोडं पाणी लाईनीत शिरलं तरी त्याचा आकडा जेमतेम हलतो. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पण जंतूंच्या बाबतीत अशी काही सूट नाहीये, १०० मिली पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) सापडताच कामा नये. तसंही गंगापूर धरणाचं पाणी मुळात हलकंच, त्यामुळे आरओवाल्याचं मीटर आपल्याकडे कायम खुशच असतं.

तुम्हाला बघायचंय ते क्लोरीन. खेड्यात आम्ही रोज ओटी टेस्ट करायचो. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे एक-दोन थेंब टाकायचे, हलवायचं, पिवळं झालं की क्लोरीन आहे, जितकं गडद तितकं जास्त, आणि शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे. आता डीपीडीच्या गोळीवालं किट मिळतं, ते गुलाबी होतं, घरी वापरायला तेच घ्या कारण ऑर्थोटोलिडीन अंगाला लागलेलं चांगलं नाही (दोन्हीतलं टेस्टचं पाणी ओतूनच द्यायचं, पोरांच्या हाती लागू देऊ नका). आणि टेस्ट कायम शेवटच्या घरी करायची बरं का, टाकीपाशी केली तर सगळ्याच गावांचं पाणी शुद्ध निघतं, हे आमच्या खात्यातलं जुनं दुखणं.

तुमच्या बिल्डिंगमध्ये ही टेस्ट दोन जागी करा, सकाळी पाणी सुटलेलं असताना. एक, मनपाची लाईन खालच्या टाकीत पडते तिथं डायरेक्ट. दोन, वरच्या मजल्यावरच्या किचनच्या नळाला. पहिल्या जागी पिवळं किंवा गुलाबी आलं आणि किचनमध्ये रंगच नाही, तर संशय तुमच्या टाक्यांवर. साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन आपोआप पण उतरतं, त्यामुळे एका टेस्टवर चेअरमनशी भांडायला जाऊ नका, तीन-चार दिवस लागोपाठ करून वहीत लिहा. पहिल्याच जागी काही नाही किंवा तिथंच पाणी गढूळ, मग मात्र लाईन फुटलीय किंवा पाणी तसंच येतंय. पावसाळ्यात धरणात गाळ येतो, गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून तर शुद्धीकरण केंद्रात तुरटीचा डोस वाढवावा लागतो.

काही लोक गोदावरीवरच्या रामकुंडाचे फोटो टाकून हेच आपण पितो म्हणतात, ते चूक आहे. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे, मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं, रामकुंडातला घाण फेस तुमच्या नळाला येत नाही. तुमच्या नळात येते ती तुमच्याच गल्लीतली घाण.

ती कशी येते ते सांगतो. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, पाणी बंद झालं की लाईन रिकामी, तिच्यातलं प्रेशर गेलं. त्यात कोणीतरी मीटरच्या आधी डायरेक्ट लाईनला मोटर लावलेली असते, ती जोरात ओढते, आणि जॉइंट जिथं ढिला असेल तिथून आजूबाजूच्या खड्ड्यातलं, ड्रेनेजचं पाणी आत खेचलं जातं. मोटर एकाची, जुलाब सगळ्या गल्लीला. दुसरं म्हणजे जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर शेजारी-शेजारी, हे बिल्डर लोकांचं आवडतं काम. आमच्या बिल्डिंगमध्ये टाकी धुवायला रिकामी केली तेव्हा चेंबरच्या बाजूच्या भिंतीवर आतून काळपट ओघळ दिसला, बोट लावलं तर ओला आणि वास येणारा, आणि टाकी तर तासाभरापूर्वीच कोरडी केलेली. तुम्ही पण तसंच बघा, टाकी पूर्ण रिकामी करून टॉर्च मारून चारी भिंती बघा, नुसतं टाकी धुणाऱ्या पोरांवर सोडू नका.

आता कायद्याचं. रस्त्यातली मुख्य लाईन महापालिकेची, पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्यांचं बंधनकारक काम आहे. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं. सोसायटी असेल तर आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात पाण्याच्या टाक्या, पंप, ड्रेनेज लाईन स्पष्ट लिहिलेत, कमिटी ऐकत नसेल तर उपनिबंधकाकडे जाता येतं. पण नाशिकमध्ये निम्मे लोक ज्याला सोसायटी म्हणतात ते असतं अपार्टमेंट, १९७० च्या कायद्याखालचं, तेव्हा आधी तुमचं डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे अपार्टमेंट म्हणून नोंदवलेला दस्त, काढून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही फक्त पाणीपुरवठ्याला फोन करताय, आरोग्य विभागाला कळवलंच नाहीये. दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब म्हणजे तो आरोग्याचा विषय झाला. विभागीय कार्यालयात, तुमचं बहुतेक नवीन नाशिक नाहीतर पूर्व असेल, आणि जवळच्या मनपा दवाखान्यात लेखी द्या, किती घरं, कोणत्या तारखेपासून, कोणाला काय झालं. डॉक्टरांना असे पेशंट साथरोग सर्वेक्षणात कळवावे लागतात, तिथं नोंद झाली की पाण्याचे नमुने घ्यायला माणूस येतो. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव-सिंहगड रोडला जीबीएसचे (हातपाय लुळे पडतात तो नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा विहिरीच्या पाण्यापर्यंत तपास गेला तो पेशंट कुठले कुठले हे एकत्र मांडल्यावरच.

नमुना स्वतः द्यायचा असेल तर बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. जंतू तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारायला थायोसल्फेट टाकलेलं असतं, ते धुवून टाकायचं नाही. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, तोंडाला हात न लावता भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

एक मात्र मला खटकतं. खेड्यात वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं, लाल मिळालं की सरपंचाची झोप उडते, जलसुरक्षकाला (गावच्या पाण्यात औषध टाकणाऱ्या माणसाला) टीसीएलचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा, हिशोब द्यावा लागतो. आणि इथं शंभर फ्लॅटच्या बिल्डिंगची टाकी शेवटची कधी धुतली ते वॉचमन सोडून कोणाला माहीत नसतं. तुमच्या मीटिंगमध्ये एवढा तरी ठराव करून घ्या की टाकी धुतल्याची तारीख आणि क्लोरीनचा आकडा लिफ्टशेजारी लावायचा.

तोपर्यंत पाणी खळखळ उकळून प्या, आरओ असला तरी. जुलाब झालेल्याला ओआरएस चालू ठेवा, लहान मूल सुस्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना. आणि अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.