लवंगांच्या डबीतल्या गोळ्या

"मॅडम, धाकट्याचं बाहेर कळलं तर थोरलीचं लग्न जमेल का?"

पेडण्याकडच्या एका आईने विचारलेला प्रश्न. असाच प्रश्न इतरही अनेक घरांतून माझ्याकडे येतो, म्हणून घरच्यांना विचारून, खुणा बदलून लिहितेय.

मुलगा चोवीस वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. भिंतीपलीकडून माणसं आपल्याबद्दल बोलतात असं त्याला ऐकू यायचं. आधी देवाचा कौल घेतला, मग घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक, करून झाला, वर्षभराने बांबोळीचं मनोरुग्णालय. त्या वर्षाची आईला फार खंत. मी म्हटलं, "देवाकडे गेलात ते चुकलं नाही हो. डॉक्टरकडे जायला उशीर झाला, इतकंच."

मग तिने पिशवीतून लवंगांची डबी काढली. पाकिटावरचं नाव वाचून कुणी ओळखेल म्हणून एकेक गोळी सोडवून डबीत टाकलेली. दोन प्रकारच्या, दोन्ही पांढऱ्या. रात्रीची गोळी कधी सकाळी जायची, मुलगा कामावर पेंगायचा आणि घरात त्याला आळशी म्हणायचे. लाजेपायी औषधच बिघडलं होतं. डबी घेऊन आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

लग्नाबद्दल मी खोटा दिलासा दिला नाही. काही स्थळं मागे फिरतील. पण लपवून जमवलेलं नातं पुढे रोज धाकात ठेवतं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, रक्त तपासायला बांबोळीला जातो हे आपण बसमध्ये मोठ्याने सांगतो; त्याच बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचं म्हटलं की आवाज खाली येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, तेव्हा गावभर सांगायची सक्ती कुणाचीच नाही. आधी एकाच माणसाला सांगा, म्हटलं. तिने भावाला निवडलं. काय बोलायचं तेही ठरवलं: "त्याला आजार आहे, औषध चालू आहे, तो बरा राहतो." 'वेड' हा शब्द तिने स्वतःच गाळला.

दुसऱ्यांदा तिने शेजारणीला सांगितलं. शेजारीण ख्रिश्चन, नुकतीच चर्चमध्ये नवसाची मेणबत्ती लावून आलेली. ती ऐकून गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझा भाऊ शिपवर नाहीच गं. दोन वर्षं आतल्या खोलीत आहे." एका घरात कौल, दुसऱ्यात नवस, मधे एक भिंत, आणि दोन्हीकडे तीच भीती. हे ऐकताना माझे डोळे भरून आले. त्या भावाला अजून डॉक्टर दिसला नव्हता. घरबसल्या बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर मी तिच्यासाठी लिहून दिला.

थोरलीच्या स्थळाला मामानेच सांगितलं. त्यांनी वेळ मागून घेतलाय, उत्तर अजून आलेलं नाही. गोळ्या आता पाकिटासकट फळीवर असतात. मागच्या तपासणीला दोघी आपापल्या माणसाला घेऊन एकाच कदंब बसने बांबोळीला गेल्या.