रात्री पावणेतीनला अकाउंट्सची मशीन स्टोअरमध्ये कशाला गेली?

प्रश्न: नमस्कार सर. मी अंबड एमआयडीसीत पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी बघतो, म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, कॅमेरे, साहेबांचा मोबाईल सगळं मीच. ६० मशीन, म्हणजे पीसी, आणि २ सर्व्हर आहेत. मागच्या आठवड्यात स्टोअरचा पीसी हळू चालतोय म्हणून लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर मंगळवारी रात्री २.४७ ला अकाउंट्सच्या मशीनवरून तिथे लॉगिन झालेलं दिसलं, तेही ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने. अकाउंट्सच्या ताई सहाला घरी जातात. अँटिव्हायरस दोन्हीकडे क्लीन सांगतोय. साहेब म्हणतात दोन्ही मशीन फॉरमॅट मार आणि विषय संपव. मारू का?
– एक वाचक, अंबड

उत्तर: नका मारू भाऊ, निदान आज तरी नका.

अँटिव्हायरसवर चिडू नका, त्याला दिसण्यासारखं तिथे काही नसेलही. लग्नात न बोलावलेला माणूस येऊन जेवून जातो, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा असेल आणि मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, तसलाच हा प्रकार आहे. चोर पहिल्या मशीनवर बसला की पुढे तो व्हायरस टाकत फिरेलच असं नाही, तो पासवर्ड उचलतो आणि तुमचीच हत्यारं वापरतो, रिमोट डेस्कटॉप, शेअर्ड फोल्डर, पॉवरशेल, दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवणारं पीएसएक्झेक, म्हणजे तुम्ही स्वतः रोज वापरता तीच. त्यामुळे व्हायरस शोधत बसू नका, कोणती मशीन कोणत्या मशीनकडे गेली आणि तिला तिकडे जायचं काही कारण होतं का, एवढंच शोधा.

आता एक विचारतो, खरं सांगा. ६० च्या ६० मशीनला लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या त्या मशीनपुरत्या ॲडमिनचा, पासवर्ड एकच आहे ना? बहुतेक कंपनीचं नाव आणि पुढे १२३. लाजू नका, मी सातपूर ते सिन्नर जिथे जिथे गेलो तिथे बहुतेक ठिकाणी हेच बघितलंय. आणि त्या माणसाला तो पासवर्ड कळायचीही गरज नसते, विंडोज पासवर्डचा जो हॅश, म्हणजे सांकेतिक ठसा, ठेवतं तोच उचलून पुढच्या मशीनला दाखवला तरी दार उघडतं. एका मशीनची किल्ली म्हणजे ६० मशीनची किल्ली.

बरं, आधी खात्री करू, कारण रात्रीचं लॉगिन म्हणजे चोरच असं नसतं. तुमच्या आधीच्या माणसाने कधीतरी बॅकअपचं स्क्रिप्ट लावून ठेवलेलं असतं आणि तो बंगळुरूला निघून गेलेला असतो. स्टोअरच्या पीसीवर सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२४, म्हणजे झालेल्या लॉगिनची नोंद, उघडा आणि त्यातला लॉगऑन टाइप बघा. १० असेल तर रिमोट डेस्कटॉपने कोणीतरी आत येऊन बसलं होतं. ३ असेल तर नेटवर्कवरून काहीतरी उघडलं, आणि इथे जरा दमाने घ्या, कारण स्टोअरच्या पीसीला बारकोड प्रिंटर जोडून तो अख्ख्या ऑफिसला शेअर केला असेल तर टाइप ३ च्या नोंदी दिवसभर पडत असतात. पण ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने पावणेतीनला कोण प्रिंट मारणार! मग सिस्टम लॉगमध्ये त्याच मिनिटाच्या आसपास ७०४५ आहे का बघा, म्हणजे नवीन सर्व्हिस बसवली गेली. पीएसएक्झेक वापरलं तर मुळात पीएसईएक्सईएसव्हीसी अशा नावाची सर्व्हिस दिसते, पण नाव बदलता येतं, कधी नुसती अर्थ नसलेली आठ-दहा अक्षरं असतात. ती तुम्ही बसवली नसेल तर विषय संपला, खात्री झाली. अकाउंट्सच्या मशीनवर ४६४८ शोधा, तिथे बसून दुसऱ्याच्या नावाने कुठे जायचा प्रयत्न झाला ते त्यात येतं. आणि ११०२ दिसला तर कोणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसलाय. हे सगळं आजच कॉपी करून बाहेर काढा, कारण साध्या विंडोजवर सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचाच असतो, भरला की जुनं पुसून नवीन लिहितो, तुमचा मंगळवार कधी गायब होईल सांगता येत नाही. कॉपी करायला लोकल अकाउंटनेच बसा, सगळ्या मशीनवर चालणाऱ्या डोमेन ॲडमिनने अजिबात नाही, कारण तुम्ही तिथे बसलात की तुमची किल्ली त्या मशीनच्या मेमरीत येते आणि तो तिचीच वाट बघत असतो. मशीन हळू चालतेय असं सांगून मोठ्या ॲडमिनला बोलावणं ही त्यांची जुनी युक्ती आहे. तुमचा स्टोअरचा पीसी हळू का झाला ते मला माहीत नाही, पण हे लक्षात राहू द्या.

फॉरमॅट का नको ते माझ्याच फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात असंच एका मशीनवर सापडलं, शनिवारी दुपार होती, मी घाईघाईने फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, चहा प्यायलो आणि मोठ्या रुबाबात घरी गेलो. सोमवारी सकाळी अजून तीन मशीनवर तीच सर्व्हिस. म्हणजे तो तिथे आधीपासून होता की मी हात लावल्यावर घाईने पसरला, हे मला आजपर्यंत कळलं नाही, कारण कळायला जी पहिली मशीन लागत होती तीच मी स्वतःच्या हाताने कोरी केली होती.

म्हणून आधी एक कागद घ्या, एक्सेल नको, कागदच. मध्ये अकाउंट्स लिहा, तिथून बाण स्टोअरकडे, मग स्टोअरमधून पुढे कुठे, सर्व्हरवर गेला का, कोणत्या नावाने गेला, आणि ते नाव अजून कुठे कुठे चालतं. या काळात कंपनीच्या मेलवर किंवा ऑफिसच्या पीसीवरच्या व्हॉट्सॲप वेबवर यातलं एक अक्षर लिहू नका, तो वाचत असू शकतो, साहेबांना केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगा. बॅकअपची डिस्क कायम सर्व्हरला लावलेली असेल तर काढून कपाटात ठेवा, हे मात्र हे वाक्य वाचून होताच करा.

चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं की एकाच संध्याकाळी सगळं एकदम तोडायचं. बाण असलेल्या सगळ्या मशीनची नेटवर्क वायर काढा पण पॉवर चालू ठेवा, बंद केली की मेमरीतला पुरावा गेला. वापरली गेलेली लॉगिन अकाउंट्स बंद, सगळे ॲडमिन पासवर्ड नवीन, डोमेन असेल तर केआरबीटीजीटी, म्हणजे ज्याच्या किल्लीने डोमेनची लॉगिन तिकिटं बनतात त्या अकाउंटचा पासवर्ड दोनदा बदलायचा, मध्ये निदान १० तास सोडून. मग फॉरमॅट मारायचा तेवढा मारा. पण हे चालू असताना फाइलींची नावं बदलायला लागली, उघडेनाश्या झाल्या, तर कागद-बिगद सगळं सोडा आणि धावत जाऊन मेन नेटवर्क स्विचच्या वायरी उपटा.

नंतर दोनच कामं, बाकीचं पुढे बघू. एक, लॅप्स चालू करा, एप्रिल २०२३ पासून ते विंडोजच्या आतच येतं, प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवतं आणि आपोआप बदलतं. दोन, पीसी ते पीसी रस्ता बंद, विंडोज फायरवॉलमध्ये इतर पीसीवरून ४४५, ३३८९, ५९८५ या पोर्टवर येणारं सगळं अडवा. सर्व्हरवरच्या टॅलीला काही होत नाही, बोंब फक्त त्या बारकोड प्रिंटरची होईल, त्याला नेटवर्कवरचा प्रिंटर घ्या. आणि एक फुकटातली गंमत करा, टॅलीबॅकअप असल्या मोहात पाडणाऱ्या नावाचं एक अकाउंट बनवा, कशाचाही अधिकार देऊ नका, पासवर्ड लांबलचक, आणि ते कोणी कधीच वापरायचं नाही. त्या नावाने ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, कुठेही दिसलं की समजा घरात कोणीतरी आहे.

प्रश्न: आमचं सातपूरला छोटं वर्कशॉप, १५ मशीन. आमच्याकडे चोरायला आहे काय? आणि विंडोज अपडेट वेळेवर करतो, एवढं पुरेसं नाही का?
– एक उद्योजक

उत्तर: २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि त्यात मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली, त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं होतं, जिथून आपल्या नाशिकचा कांदा आणि द्राक्षं जातात. जेएनपीटीचं त्या हल्लेखोरांशी काय भांडण होतं? काहीच नाही, नेटवर्कला जोडलेलं होतं एवढंच. अपडेटचं म्हणाल तर ज्या भोकातून तो शिरत होता त्याचा पॅच मार्च २०१७ लाच आलेला होता, तरी पॅच मारलेल्या मशीनही गेल्या, कारण तो एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या मशीनवर रीतसर लॉगिन करायचा. वरचं अंबडवाल्यांचं उत्तर वाचा, १५ मशीनला तेच लागू आहे, आणि तुमचं काम तर एका रविवारचं आहे.

प्रश्न: पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज आहे. कूलिंगवाला व्हेंडर त्याच्या पॅनलच्या पीसीवर रिमोट सॉफ्टवेअर २४ तास चालू ठेवतो, तो पीसी ऑफिसच्याच नेटवर्कवर आहे. धोका आहे का? आणि काही झालंच तर कळवायचं कोणाला?
– एक वाचक

उत्तर: २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीत चोर शिरले ते त्यांच्या रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या लॉगिनने, आणि तिथून सरकत सरकत बिलिंगच्या काउंटरपर्यंत पोचून ४ कोटी कार्डांचे तपशील घेऊन गेले. तुमचाच सीन आहे, फक्त द्राक्षं नव्हती. पॅनलचा पीसी वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरिंगवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर, टाका, तिथून ऑफिसकडे काहीही जाता कामा नये.

कळवायचं सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत, आणि लॉगही १८० दिवसांचे ठेवायचे आहेत. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. त्याच आदेशात सगळ्या मशीनची घड्याळं एकसारखी ठेवा असंही आहे, ते क्षुल्लक वाटतं पण कॅमेऱ्याचा डीव्हीआर २० मिनिटं मागे असेल तर त्या वेळी पीसीसमोर माणूस होता की खुर्ची रिकामी होती, यावरच दोन दिवस वाद चालतो.

आणि रिमोट सॉफ्टवेअर बंद. व्हेंडर म्हणेलच, सीझनमध्ये रात्री-बेरात्री टेम्परेचर वाढलं तर कसं करू, तर त्याला सांगा, फोन कर, आमचा माणूस उठून चालू करून देईल आणि तुझं झालं की परत बंद करेल.