वाचकांचे प्रश्न : मॉरिशस, तिथली माणसे आणि राज्यकारभार

मॉरिशसविषयी या महिन्यात एकापाठोपाठ चार पत्रे आली. चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर त्याच देशाला देत आहोत.

प्रश्न : आमचे नातेवाईक मॉरिशसला जाऊन आले आणि त्याला ‘छोटा भारत’ म्हणू लागले. हा देश नेमका केवढा आहे आणि तिथले मूळचे लोक कोण? (चिपळूण)

उत्तर : ‘मूळचे’ या शब्दापाशीच थांबायला हवे, कारण मॉरिशसमध्ये मूळचे असे कोणीच नाही. १५९८ साली डच दर्यावर्दी उतरले तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती; दाट जंगल होते आणि उडता न येणारा डोडो पक्षी होता, जो पुढच्या शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिस यांचे नाव बेटाला दिले, ऊस आणला आणि १७१० साली बेट सोडून दिले. १७१५ पासून फ्रेंचांची सत्ता आली. त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले व पोर्ट लुई हे बंदर उभारले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण रहिवाशांची भाषा, कायदे, धर्म आणि चालीरीती तशाच राहू देण्याचे मान्य केले. दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजांचे राज्य राहूनही तिथली वर्तमानपत्रे आजही मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, याचे मूळ त्या तहात आहे.

मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, मादागास्करच्या पूर्वेला हे ज्वालामुखीतून घडलेले बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्मे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्ज बेट आणि उत्तरेकडचे अगालेगा हेही याच प्रजासत्ताकात येतात. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते. नैर्ऋत्येचा पाऊस अंगवळणी पडलेल्या कोकणी माणसाला नवल वाटेल, पण तिथे वारे प्रामुख्याने आग्नेयेकडून येतात, त्यामुळे पूर्वेचा किनारा आणि मधले पठार ओले, तर पश्चिम किनारा कोरडा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे दिवस. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली आणि त्यानंतर सिमेंट-काँक्रीटची घरे वाढत गेली.

आता ‘छोटा भारत’ या नावाविषयी. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजाने ३६ भारतीय मजूर करारावर पोर्ट लुईला पोचले होते. पुढच्या सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे याच वाटेने आली. बहुतेक जण बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले, त्याखालोखाल तमिळ व तेलुगू भाषक, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी. बंदरावरच्या ज्या घाटावर त्यांना उतरवत, त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आजही जपलेल्या आहेत. पायऱ्या चढून गेल्यावर नावनोंदणी होई, मजुराला क्रमांक मिळे आणि त्याला मळ्यावर पाठवले जाई. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले रचलेले ढीग अजून दिसतात. ते दगड याच माणसांनी आणि त्यांच्याआधी गुलामांनी हातांनी वेचून बाजूला काढले, तेव्हा कुठे लागवडीजोगी जमीन मिळाली.

तरीही ‘छोटा भारत’ हे नाव मला अपुरे वाटते. सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येच्या या देशात हिंदू निम्म्याच्या आसपास आहेत. उरलेल्यांत आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेले क्रेओल, मुस्लिम, चिनी आणि फ्रेंच वंशाचे लोक आहेत. मजुरांना उतरवत तो घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला, आणि पळून गेलेले गुलाम ज्याच्या कड्याकपारींत आसरा घेत, तो ल मोर्न डोंगर २००८ साली. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी देशभर सुट्टी असते. आपण प्रेमापोटी दिलेल्या नावात यातली एकच आठवण मावते, दुसरी बाहेर राहते.

प्रश्न : २०२४ च्या निवडणुकीत एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्याचे वाचले. लोकशाहीत असे कसे घडते? तिथली राज्यव्यवस्था कशी आहे? (सोलापूर)

उत्तर : असे तिसऱ्यांदा घडले आहे, १९८२ आणि १९९५ सालीही निकाल साठ विरुद्ध शून्य असाच लागला होता. त्याचे कारण मतदानाच्या पद्धतीत आहे. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात. रॉड्रिग्जमधून दोन, असे एकूण ६२. मुख्य बेटावरच्या मतदाराला तीन मते द्यावी लागतात आणि बहुतेक लोक ती तिन्ही एकाच आघाडीला देतात. त्यामुळे एखाद्या मतदारसंघात आघाडी थोड्या फरकाने पुढे असली तरी तिचे तिन्ही उमेदवार निवडून येतात, आणि देशभर एकाच दिशेने कल असला की विरोधकांच्या पदरी काहीच पडत नाही.

देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १९९२ साली त्याच तारखेला मॉरिशस प्रजासत्ताक बनले. राष्ट्राध्यक्षांची निवड संसद करते, पण प्रत्यक्ष कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे असतो. दिवाणी कायदा बराचसा फ्रेंच वळणाचा, न्यायालयाची रीत इंग्रजी, आणि शेवटचे अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायसंस्थेकडे जाते. स्वतंत्र लष्कर नाही. संरक्षणाचे काम पोलीस दलाच्याच तुकड्या पाहतात.

या व्यवस्थेत एक तरतूद अशी आहे की तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. अल्पसंख्याकांना संसदेत जागा मिळावी म्हणून, निवडणूक हरलेल्यांपैकी चांगली मते मिळवणाऱ्या जास्तीत जास्त आठ उमेदवारांना सदस्यत्व दिले जाते. त्यासाठी उमेदवाराने हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा ‘सर्वसाधारण लोक’ यांपैकी आपला समाज कोणता ते अर्जात लिहायचे असते. जागा वाटताना समाजांचे जे प्रमाण धरतात, ते १९७२ च्या जनगणनेतले. कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारणेच बंद झाले. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत दंगली उसळल्या होत्या. त्या भीतीच्या काळात या तरतुदीने लहान समाजांना धीर दिला, हे मान्यच करायला हवे. पण अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर आजच्या जागा ठरवणे, आणि ज्याला स्वतःला कोणत्याच कप्प्यात बसवायचे नाही त्याला उमेदवारीच नाकारणे, हे मला न्यायाचे वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही २०१२ साली असाच निर्वाळा दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा मिळाली होती, मात्र ती सवलत तात्पुरतीच होती.

प्रश्न : चागोस बेटे मॉरिशसची की ब्रिटनची? (नागपूर)

उत्तर : १९६५ साली, मॉरिशस अजून वसाहत असतानाच, ब्रिटनने हा द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि पुढे दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिले. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना मॉरिशस व सेशेल्सला हलवण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये ही तोडणी बेकायदा असल्याचे मत दिले. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसकडे आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनच्या वापरात राहायचे आहे, मात्र सह्यांनंतर दोन्हीकडची रीतसर मंजुरी लागते. या सगळ्या बोलण्यांत आम्हाला कोणी विचारले नाही, अशी अनेक विस्थापित चागोसवासीयांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे भाऊ ‘मिरच देशा’ला गेले, असे घरात सांगत. तो मॉरिशसच का? तिथे अजून मराठी बोलतात का, आणि त्यांचा माग काढता येईल का? (सावंतवाडी)

उत्तर : होय. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर गेलेल्यांच्या बोलीत ‘मिरिच देश’, ‘मारिच’ ही मॉरिशसचीच नावे होती. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून माणसे गेली होती, त्यामुळे तुमच्या घरातली आठवण खरी असण्याचा संभव बराच आहे.

भाषेविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथल्या मराठी कुटुंबांत रोजचे बोलणे बहुतेक क्रेओल या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत चालते. मराठी शिकली जाते ती शाळेत, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आणि गावोगावच्या मंडळांत; टिकली आहे ती विशेषतः भजनांत आणि गणपतीत. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि त्या दिवसांत ‘झाकरी’ नावाचा जो फेर धरून नाच होतो, तो कोकणातल्या जाखडीचाच पुढे गेलेला वंशज. पाच-सहा पिढ्यांनंतर शब्द विरले तरी पावलांचा ठेका राहिला, हे कळले तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

माग काढण्यासाठी महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागाराशी पत्रव्यवहार करावा. मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, वडिलांचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज अशा नोंदी असतात. १८६० च्या दशकानंतरच्या काहींची छायाचित्रेही आहेत. पत्र लिहिताना आडनावावर भर देऊ नये. पहिल्या पिढीच्या माणसाचे स्वतःचे नावच पुढे पुष्कळ घराण्यांचे आडनाव झाले आहे, म्हणून तिथे ‘सावंत’ शोधण्यापेक्षा ‘रामजी’, ‘बाळाजी’ शोधावे. शिवाय नोंदणी करणारा कारकून परभाषक असल्याने एकच गाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते. तेव्हा पणजोबांच्या भावाचे पाळण्यातले नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गावाच्या नावाचे सगळे उच्चार आणि ते गेले तो अंदाजे काळ, एवढे पत्रात अवश्य लिहावे.