शेपटी करा, पण आधी ती पॉलिसी थांबवा

पुण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय २९, सोसायट्यांच्या टँकवर पोहायला शिकवतात. उन्हाळ्यातली गर्दी आणि थंडीतली मंदी एकत्र धरली तर महिन्याला सरासरी ३०,००० रुपये हातात येतात. घरी ५८ वर्षांची आई, तिला शुगर आहे. ताईंना लेटेक्सची, म्हणजे पातळ रबराची, जलपरीची शेपटी घरीच तयार करून वाढदिवसांना आणि हॉटेलांच्या टँकवर कार्यक्रम करायचे आहेत. साहित्याची यादी जोडली आहे, बेरीज ३०,०००. प्रश्न असा: ‘खात्यात ७०,००० आहेत, पण नोव्हेंबरात पॉलिसीचा ६०,०००चा तिसरा हप्ता आहे. म्हणून साहित्यासाठी पॉलिसीवर कर्ज काढू का? आणि लेटेक्स घेऊ की सिलिकॉन?’ पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे, ‘दवाखान्याची काळजी नाही, पॉलिसी आहेच.’

ताई, शेपटीचं नंतर बोलू. आधी हे शेवटचं वाक्य.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरची पॉलिसी आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. १५ वर्षं हप्ते, २० वर्षांनी पैसे, विमा रक्कम ६ लाख. हॉस्पिटलच्या बिलातला एक रुपयाही ती देणार नाही. आईचं नाव तिच्यात आहे ते फक्त नॉमिनी म्हणून. म्हणजे आज तुमच्या घरात आरोग्य विमा कोणालाच नाही, आणि तुम्ही दोन्ही पाय एकत्र बांधून पाण्यात उतरायचा व्यवसाय सुरू करायला निघाला आहात.

बँकेतल्या माणसाने ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट, टॅक्सही वाचेल’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिता. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. वर्षाला ३.६ लाख कमावणाऱ्याला जुन्या पद्धतीत कर लागत नाही आणि नव्यातही लागत नाही. जो कर नव्हताच तो वाचवायला तुम्ही दोन वर्षांत १.२ लाख भरले. विमा म्हणाल तर ६ लाख म्हणजे तुमची वीस महिन्यांची कमाई. तुमच्या माघारी आईने त्यावर किती दिवस काढायचे? आणि एफडी मोडली तर मुद्दल परत मिळतं. इथे दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडली तर भरलेल्या पैशाच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ३६,००० मिळण्याची हमी आहे. असली विक्री करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाची कमाई त्यांना खात्यावर दिसत असते.

माहितीपत्रकावर पेनाने लिहिलेले ‘१५ लाख’ खरे धरू. ९ लाख भरून वीस वर्षांनी १५ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ४ टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले तर त्याच वीस वर्षांत २२-२३ लाख होतात.

तुम्हाला वाटेल, इतके भरलेत तर तिसराही भरून टाकू. तिसरा भरल्यावर मोडायची किंमत ३५ टक्के होते, म्हणजे ३६,०००चे ६३,०००. साठ हजार घालून सत्तावीस हजारांची वाढ. भरू नका. पॉलिसीवरचं कर्जही नको. मोडून ३६,००० येत असतील तर कर्ज ३०,०००च्या आसपास मिळेल, आणि स्वतःच्याच पैशावर तुम्ही ९-१० टक्के व्याज देत बसाल.

विमा कंपनीकडून सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणारी, रक्कम लेखी मागा, ३६,०००पेक्षा थोडी जास्तही निघू शकते. त्याच पत्रात एफडी म्हणून विकल्याची तक्रार करा. कंपनीने हात झटकले तर विमा लोकपालांकडे जा, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि फी लागत नाही. त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका.

आता तुमच्या हातात सुमारे १.०६ लाख. पहिला खर्च विम्याचा. तुमचा ५ लाखांचा मेडिक्लेम साधारण ८,०००, आईचा वेगळा २५,०००च्या आसपास, ५० लाखांचा टर्म प्लॅन (बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा) ७,०००. मिळून ४०,०००. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी राहिलेला नाही. आईची शुगर अर्जात लिहा. शुगरशी संबंधित क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, पण लपवलीत तर क्लेमच्या दिवशी कंपनी तेच पुढे करेल. तुमच्या अर्जात व्यवसायासमोर पोहण्याचं शिकवणं आणि पाण्यातले कार्यक्रम, दोन्ही लिहा.

उरले ६६,०००. त्यातून शेपटी जमते, पण एकरकमी नाही. हप्त्यासाठी महिन्याला बाजूला ठेवत होता ते ५,००० आता मोकळे झाले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तेच साहित्याला घाला, २५,००० तिथेच निघतात.

लेटेक्सच घ्या. सिलिकॉन जास्त टिकतं, पण खर्च कितीतरी पट आणि वजनही जास्त. पहिल्या शेपटीला ते नको. मात्र तुमची यादी ३०,०००ची नाही, ४२,०००ची आहे. तुम्ही १० किलो लेटेक्स लिहिलं आहे. चांगल्या लेटेक्समध्ये रबर ६० टक्के असतं, बाकी पाणी उडून जातं. दहा किलोचे सहाच किलो अंगावर राहतात, आणि साच्यात, ब्रशवर, डब्यात वाया जातं ते वेगळं. वाळताना ते आकसतं, म्हणून खवल्यांचे साचे किंचित मोठे ठेवा. साचे प्लास्टर ऑफ पॅरिसचेच करा, ते पाणी ओढून घेतं. जाड थर एकदम ओतलात तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं. पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. हे काम पावसाळ्यात होत नाही, म्हणून आताचा कोरडा काळच बरा. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, तेव्हा गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी काम करा. लेटेक्स आधीच व्हल्कनाइझ केलेलं (गंधकाची प्रक्रिया करून पक्कं केलेलं) मागा, नाहीतर शेपटी चिकटच राहील.

पितळी चेन लावू नका, पितळेतल्या तांब्याने रबर कुजतं. पाय आत सरकवायला खोबरेल तेलही नको, त्याने रबर फुगून फाटतं. ऊन आणि क्लोरीन तिचं आयुष्य खातात, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून ठेवा. इतकं करूनही एक-दोन हंगामांनंतर दुरुस्तीचा खर्च धराच. पैसे आधी मोनोफिनवर, म्हणजे दोन्ही पावलं एकत्र बसतात त्या एकाच रुंद फिनवर, घाला, बाकी सगळं त्याच्याभोवती बसतं.

कमाईचा तुमचा अंदाज महिन्याला आठ कार्यक्रम, प्रत्येकी ६,००० आणि सहा महिन्यांत शिकवणी बंद. हे होणार नाही. सुरुवातीला दोन धरा. पाण्यात एक जाणता सोबती सतत जवळ हवाच, कारण शेपटीतलं निओप्रीन (फोमसारखं रबरी कापड) तरंगवतं आणि बांधलेल्या पायांनी अचानक उलटं झालं तर सावरता येत नाही. त्याचे पैसे, प्रवास, मेकअप मिळून २,५०० जातील. हातात ३,५००, दोनांचे ७,०००. शेपटीचा खर्च सहा-सात महिन्यांत निघतो आणि धंदा म्हणून ते वाईट नाही. बॅचेस सोडू नका. बुकिंग घेताना पालकांना लेटेक्सच्या ॲलर्जीबद्दल आधी विचारा, मुलं शेपटीला हात लावणारच.

हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप कापला जातो असं कागदांवर दिसतं. ती सूचना या आठवड्यातच बँकेत जाऊन बंद करा आणि पोच घ्या. लेटेक्सची ऑर्डर त्यानंतर.