छोट्या दुर्बिणीतून चिकटलेल्या जोडताऱ्यांचं वस्तुमान काढता येतं का?

परभणीजवळचं शेत, 8 इंची दुर्बीण आणि साधा कॅमेरा एवढ्यावर एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एकमेकांना चिकटलेल्या ताऱ्यांची वस्तुमानं काढता येतील का, असं तुम्ही विचारलंय. वस्तुमानं नाही निघणार. त्यांचं गुणोत्तर कधीकधी निघतं. ग्रहणाची, म्हणजे एक तारा दुसऱ्याला झाकतो त्याची, वेळ मात्र अगदी चोख मिळते.

मी हा उद्योग अंबाजोगाईकडून करतो. सुरुवात सप्तर्षीतल्या डब्ल्यू अर्सा मेजोरिसपासून करा. फेब्रुवारीत मध्यरात्री तो उत्तरेला छान वर असतो. प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) 7.75 ते 8.48, म्हणजे ग्रहणात उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. एक फेरी 8 तास आणि जेमतेम अर्ध्या मिनिटाची, त्यामुळे एका रात्रीत अख्खा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या उजेडाचा आलेख, हाती येतो. गंमत म्हणजे दिवसाला जवळपास तीन फेऱ्या पुऱ्या होतात, म्हणून आज दोनला दिसलेलं ग्रहण उद्याही दोनच्याच सुमारास. ढगांनी एखादा तास खाल्ला तर उद्या भरून काढायचा. तुलना त्याच फोटोतल्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी करा. कुणी उसाचं पाचट पेटवलं तरी धूर दोघांवर सारखाच.

ही जोडी कशी असते ते कळायला भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग बोटांत धरून फिरवा. दाणे दोन, टरफल एक. फिरताना तिची दिसणारी रुंदी सतत बदलते, म्हणून वक्रात ग्रहणाबाहेरही सपाट जागा सापडत नाही. इथला एक तारा वस्तुमानानं सूर्याच्या साधारण 1.1 पट, दुसरा या पहिल्याच्या निम्मा. एकटा असता तर धाकटा बराच थंड असता; पण सामाईक आवरणातून ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि दोन्ही ग्रहणं जवळपास सारखीच खोल दिसतात. टरफल एकच असल्यामुळे आकारही मनमानी नसतात: वस्तुमानांचं गुणोत्तर ठरलं की त्रिज्यांचंही जवळपास ठरतं. म्हणून ग्रहण खग्रास असेल, वक्राचा तळ सपाट असेल, तर नुसत्या उजेडावरून गुणोत्तर भरवशाचं मिळतं. खंडग्रास असेल तर तोच वक्र भलत्याच गुणोत्तरांनाही बसतो. वक्राला जोडीचं मॉडेल बसवणारं फीबीसारखं सॉफ्टवेअर तरीही चार दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं. त्यावर भाळू नका.

खरं वस्तुमान हवं तर वर्णपट लागतो: रेषांच्या सरकण्यावरून दोघांचे वेग, मग केप्लरचा तिसरा नियम. पण हे तारे इतके गरगर फिरतात की रेषा पसरट होतात, आणि लांब एक्स्पोजर घेतलं तर तेवढ्यात तारा पुढे सरकतो. हे मोठ्या दुर्बिणीचं काम. वेग प्रसिद्ध झालेले घ्या, वक्र स्वतःचा.

आणि घड्याळ जपा. केआयसी 9832227 या जोडीतले तारे 2022 मध्ये एकमेकांत विलीन होऊन स्फोट होईल, असं भाकीत 2017 मध्ये गाजलं होतं. 2018 मध्ये कळलं की 1999 च्या निरीक्षणातल्या एका ग्रहणाची छापलेली वेळ 12 तासांनी चुकली होती. भाकीत तिथंच बारगळलं. हसू नका, माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या सगळ्या नोंदी जागतिक वेळेऐवजी भारतीय वेळेतच राहिल्या होत्या. साडेपाच तास म्हणजे या ताऱ्याच्या फेरीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग! दोन रात्री मी भलत्याच वेळी थंडीत कुडकुडत बसलो, तेव्हा उजेड पडला. ज्युलियन दिवस (खगोलातली दिवसांची सलग मोजणी) जागतिक वेळेच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, तेवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.