थंड दूध की औषध?

प्रश्न : माझ्या यजमानांना दुर्बिणीच्या तपासणीत जठरव्रण (पोटातला अल्सर) आढळला. थंड दूध आणि ज्येष्ठमध यांवर भागेल का?
– एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : ताई, थंड दुधाने जळजळ घटकाभर शमते, पण पाठोपाठ पोटात आम्ल अधिकच स्रवते, ज्येष्ठमधाने तर रक्तदाब वाढू शकतो. असे व्रण बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. जिवाणू आढळल्यास प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध यांचा साधारण १४ दिवसांचा क्रम, मध्येच बरे वाटले तरी, पुरा करावा लागतो. यजमान गुडघेदुखीसाठी रोज गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचास डांबरासारखे काळे झाले, तर कृपया दूध देत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.