लिहून घे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘आजी स्वतःच म्हणाल्या, माझ्यामागेही या माळाला कुणी हात लावणार नाही, मग त्यांच्यापुढे करार ठेवू कसा? अविश्वास दाखवल्यासारखं होईल.’ तुझ्या पत्रातल्या या ओळीपाशी मी थबकलो. तुझ्या वयात मीही हेच म्हणालो होतो.

ओढ्याकाठची जमीन होती, खालच्या अंगाला पाणथळ. मालकांचा माझ्यावर जीव. ‘विकणार नाही’ म्हणायचे, आणि हयातीत खरंच विकली नाही. ते गेले. वारस तीन, तिघांची तोंडं तीन दिशांना, शिवाय कराचं ओझं. दीड वर्षात मोजणी झाली, पाणथळीत भराव पडला. मुलांना मी दोष देत नाही. वडिलांचा शब्द त्यांना बांधत नव्हताच. तो बांधून घेणं माझं काम होतं आणि भिडेपोटी मी ते टाळलं.

म्हणून, लिहून घे.

जमीन राखण्याचा हा करार, कॉन्झर्व्हेशन ईझमेंट, म्हणजे काय, हे आजींना नीट उलगडून सांगितलंस का? मला शंका आहे. मालकी त्यांचीच राहते. राहणं, कसणं, विकणंसुद्धा त्यांच्याच हाती. सोडायचा तो प्लॉट पाडण्याचा आणि बांधकामाचा हक्क. एकदा नोंद झाली की हे बंधन जमिनीबरोबर चालतं, पुढे मालक कुणीही येवो. ते पाळलं जातंय की नाही, हे करार करून घेणारी आपली संस्था पाहते. आजींची इच्छा त्यांच्यामागे टिकवण्याची ही वाट आहे. ती दाखवायला कसला संकोच?

१८९० साली चार्ल्स इलियट या जेमतेम तिशीतल्या अमेरिकी उद्यानरचनाकाराने सुचवलं होतं, की ग्रंथालय जशी पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, तसे निसर्गाचे तुकडे लोकांसाठी सांभाळणारी संस्था हवी. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून ती उभी केली. लोकांच्या चांगुलपणावर भरवसा होताच की त्याचा. तरी कायदा करून घेतला.

सहीवर मात्र थांबू नकोस. माळ आज कसा आहे तेही लिहून घे: नकाशा, फोटो, कुंपण, झरा, जुनी झाडं, आणि त्या अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या. उद्या वाद झाला तर तोच पुरावा. मग दरवर्षी हद्द चालायची. त्यासाठी देखरेखीचा निधी आधीच बाजूला काढ. ‘नंतर बघू’ म्हणणारे नंतर नसतात.

मला इथे कागदी माणूस म्हणतात. आजारी मालकाच्या उशाशी वकील नेला म्हणून एक सहकारी वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी चुकलो नव्हतो. मालक पूर्ण शुद्धीत होते, दोन कलमं त्यांनीच खोडून बदलायला लावली. ते रान आज तसंच उभं आहे आणि त्याची हद्द मी अजून दरवर्षी चालतो. गुडघे कुरकुरतात, तरी चालतो.

आता रागावू नकोस. आजींवर तुझी माया आहे, म्हणूनच तुझी जीभ अडखळते, हे कळतं मला. आधी त्यांच्यासोबत माळ फिर. काय राखायचंय ते त्यांना बोलू दे आणि मसुद्यात त्यांचेच शब्द उतरव. त्यांना स्वतःचा वकील घ्यायला सांग. मुलांनाही बोलावून घे, नंतर कळण्यापेक्षा समोर कळलेलं बरं. मसुदा झाला की सहीआधी मला पाठव; हद्दीचं कलम मी स्वतः वाचणार आहे.